ठकीची हुडहुडी

इंदू,

परवा इथल्या मराठी मंडळींनी तुझ्यासाठी सभा घेतली. सगळे चांगलं बोलले. एक गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर इंदूताईंच्या हातून एकही ऑपरेशन कधी बिघडलं नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मी मागच्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसले होते. शेजारच्या बाईंना वाटलं, मला हुंदका आवरत नाहीये. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. खरं म्हणजे मी हसू दाबत होते. तुझ्या हातून एक ऑपरेशन चांगलं साग्रसंगीत बिघडलं होतं, आणि तो पेशंट त्या वेळी बाहेर लिंबाखाली उभा होता. हिरव्या रंगाचा, चार चाकांचा. मीच चालवत आणला होता.

तू गेलीस त्याला अजून महिना व्हायचा आहे. रडणं झालंय, अजूनही मधूनच होतं, विशेष करून सकाळी, तुझ्या फाटकाची कडी वाजत नाही तेव्हा. पण तुझ्याबद्दल लिहायला बसले की आधी हसूच येतं, त्याला मी काय करू? इतर लोक तुझ्या पदव्या आणि तुझी सेवा लिहितील. मी आपली ठकीची हुडहुडी लिहिते.

तू नागपूरची, मी वाईची. जयपुरात आपल्या दोघींच्या घरांमध्ये एक कमरेएवढी भिंत होती, नाहीतर त्या गल्लीत मराठी बोलायला कोण मिळणार होतं मला? आमचे हे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि घरी आल्यावर वनस्पतींसारखेच गप्प बसायचे. पहिल्या दिवशी तू भिंतीवरून विचारलंस, "काय करून राहिल्या वहिनी?" आणि मी ताठ आवाजात म्हणाले, "करून राहिले नाही, करते आहे. लिंबाचं लोणचं." तू इतकी मोठ्यानं हसलीस की माझ्या हातातली फोड बरणीबाहेर पडली. त्यानंतर मी तुझं मराठी सुधारायचा आणि तू माझा स्वभाव सुधारायचा नाद घेतलास. दोन्ही नाद फुकट गेले.

ठकी तुझ्याकडे आली तेव्हा तिला अख्ख्या गल्लीनं ओवाळलं होतं. तुझ्या थोरल्या भावानं, दादांनी, ती नागपुरात कुणा साहेबाकडून घेतली, कागदावर नाव त्यांचंच ठेवलं आणि मालगाडीतून जयपूरला पाठवली. एवढीशी गाडी. पुढे दोघं, मागे दीड माणूस. नाव मी ठेवलं, कारण पुढून पाहिली की लाकडी ठकी-बाहुलीसारखी डोळे वटारून बसलेली दिसायची. तुला ती हवी होती ती मिरवायला नव्हे. दर गुरुवारी तू चौमूंला बायकांचा दवाखाना चालवायचीस. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका उजाडता उजाडता यायच्या, कारण नंतर त्यांना शेत, गुरं आणि सासवा होत्या. बस तिथं पोचायची तोवर त्या निघून गेलेल्या असायच्या. तेव्हा गाडी म्हणजे गुरुवार, आणि गाडी नाही तर गुरुवार नाही, इतका साधा हिशेब होता.

पहिल्याच उन्हाळ्यात लू लागून ठकीची एक नळी तडकली. त्या गाडीचे वायपर विजेवर नव्हते, इंजिन जी हवा आत ओढतं त्या ओढीवर चालायचे, आणि त्यासाठी इंजिनपासून वायपरपर्यंत एक रबरी नळी होती. मिस्त्री भंवरजी म्हणाले, नळी दिल्लीहून मागवावी लागेल. तू म्हणालीस, "दिल्ली काहून? मी बसलीय नं इथं." इस्पितळात एनिमाच्या भांड्याला लावतात तसली लाल रबरी नळी तू आणलीस, कात्रीनं मापात कापलीस, दोन्ही टोकं बसवलीस, आणि हात धुऊन मला बोलावलंस. "पाय इकडे. टाकासुद्धा घालावा लागला नाही." तुझ्या सगळ्या ऑपरेशनांपैकी याचंच कौतुक तू जास्त सांगितलं असशील.

मग थंडी आली.

जयपूरची जानेवारीतली सकाळ, तिला दातच असतात. ठकी चोक ओढला की सुरू व्हायची, पण सुरू झाली की तिला हुडहुडी भरायची. उभ्या उभ्या थरथरायची, मधेच धापा टाकायची, मधेच एकदम चढ्या आवाजात ओरडायची, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गप्प. थोडं अंतर गेली, गरम झाली, की शहाणी. एका गुरुवारी रेल्वेच्या फाटकाशी थांबायला लागलं आणि ती तिथंच बंद पडली. मागे उंटगाड्यांची रांग. एका उंटवाल्यानं आपली पगडी सावरत गाडी ढकलून दिली. तू चौमूंला पोचलीस तेव्हा निम्म्या बायका परत गेल्या होत्या. ही गोष्ट कशी कुणास ठाऊक नागपूरला पोचली. दादांचा निरोप आला: "संक्रांतीला येतो. त्या गुरुवारी तुझ्याबरोबर बसून चौमूंला येईन. रेल्वेचं फाटक सोडून वाटेत कुठंही थांबली किंवा एकदा जरी बंद पडली तर गाडी मी परत नेणार. बाईमाणसानं आडरानात अडकून पडायचं हे मला चालणार नाही."

दादा वाईट माणूस नव्हते. घाबरट होते. पण गाडी त्यांच्या नावावर होती.

त्यानंतर आपल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना दुसरा विषयच राहिला नाही. तू गाडी भंवरजींकडे नेलीस. त्यांनी प्लग काढले, घासले, परत घातले, कार्बुरेटर खोलला, गाडी सुरू केली. ती मांजरीसारखी गुरगुरली. "बाईसा, गाडी में कांई खोट कोनै," ते म्हणाले, "थांको बहम छै." खोट नाहीच, तुमच्या मनाचे खेळ आहेत. तू फणफणत घरी आलीस. मी तेव्हा म्हणाले होते, "अगं, त्यांचं दुकान उघडतं ऊन वर आल्यावर. तोवर तुझी ठकी उन्हात भाजून निघालेली असते. ताप उतरल्यावर पेशंट दाखवायला नेलास तर डॉक्टर काय सांगणार?" त्या दिवसापासून तपासणी उजाडताना करायची असं ठरलं.

काय काय केलं आपण! पुढचा उपाय भंवरजींनीच सुचवला, गाडीवर रजई घाला. तू तुझी सांगानेरी छापाची नवी रजई रात्रभर बॉनेटवर घातलीस आणि स्वतः जुनं कांबळं पांघरून झोपलीस. ठकी सकाळी तशीच थरथरली. रजईला मात्र ऑइलचा वास जन्मभर राहिला. आमचे हेसुद्धा एकदा बोलले. म्हणाले, "पेट्रोलमध्ये पाणी असेल," आणि परत गप्प झाले. शेवटी तू स्टेथोस्कोप आणलास. कानात घालून इंजिनावर टेकवलास, इथं ठेव, तिथं ठेव, आणि म्हणालीस, "एका सिलिंडरची धडकन कमी आहे. प्लगच गेला असणार."

इथं आपलं पहिलं भांडण. मी म्हणाले, एक नाही. माझे वडील तबला वाजवायचे. मला शिकवला नाही, पण ऐकायला कुणी बंदी केली नव्हती. चार सिलिंडरांतला एकच गडी चुकत असेल तर तो दर फेरीला त्याच जागी चुकेल, लंगड्या माणसासारखा. ठकी तशी लंगडत नव्हती. ती कधी इथं अडखळायची, कधी तिथं, कधी सगळाच ठेका पळायचा. "चौघांनाही काहीतरी कमीजास्त मिळतंय," मी म्हणाले. "खाण्यात खोट आहे, गड्यात नाही."

"आता तू मला शरीरशास्त्र शिकवून राहिली?"

"शरीर नाही, ताल."

तू नवा प्लग घातलास. ठकीला हुडहुडी भरलीच. तू त्या दिवशी माझ्याशी बोलली नाहीस, आणि संध्याकाळी भिंतीवरून गाजराच्या हलव्याची वाटी आली.

भोगीचा दिवस उजाडला. दादा रात्रीच्या गाडीनं येणार, दुसऱ्या दिवशी संक्रांत आणि गुरुवार. आमच्याकडे भोगीला पहाटे तिळाचं तेल लावून न्हायचं असतं, आणि तेल दुसऱ्यानं लावायचं. तुला इथं लावणारं कोणी नव्हतं, म्हणून मी दर वर्षी कोमट तेलाची वाटी घेऊन भिंत ओलांडायची. त्या दिवशी आले तर तू बॉनेट उघडून कमरेत वाकलेली, कानात स्टेथोस्कोप, आणि ठकी दात वाजवत होती.

"चल, डोकं पुढे कर," मी म्हणाले.

"आता नाही! आज शेवटचा दिवस आहे, तुला समजतं का?"

"समजतं. तू ऐक, मी लावते. डोक्याचं काम कानाला कशाला?"

तशीच तू वाकलेली राहिलीस आणि मी तुझ्या भांगात तेल घालायला लागले. तू म्हणालीस, "किती ऊन हात आहेत गं तुझे," आणि एकदम तुझे खांदे सैल पडले. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तू किती घाबरली होतीस. गाडी गेली तर चौमूंच्या त्या बायकांना काय सांगायचं, हे तू कुणालाच बोलली नव्हतीस. मी आणखी तेल घेतलं, ठकीनं एक गचका दिला, आणि माझ्या हातातली वाटी हिंदकळून तेल इंजिनावर सांडलं.

ठकी शांत झाली.

बंद पडली नाही हं. शांत झाली, सम सापडल्यासारखी एका लयीत चालायला लागली. तू स्टेथोस्कोप काढून माझ्याकडे पाहिलंस. "काय केलं तू?" "काही नाही गं, सांडलं." तेवढ्यात थरथर परत सुरू झाली. मी पुन्हा तिथंच चार थेंब सोडले. पुन्हा शांत. आपण दोघी खाली वाकून बघतोय तर ते तेल एका फटीतून आत ओढलं जात होतं. आणि ती फट कुठं होती, तर तुझ्या लाडक्या लाल नळीच्या तोंडाशी! ते इस्पितळातलं मऊ रबर थंडीत लाकडासारखं कडक व्हायचं, तोंडाशी सुटायचं, आणि तिथून आगंतुक हवा इंजिनात शिरायची. इंजिन तापलं की रबर मऊ पडायचं, फट मिटायची, आणि ठकी शहाणी. चौघांच्याही ताटात वाऱ्याचा घास पडत होता. सगळ्या गाडीवर संशय घेतला आपण. ती नळी तेवढी सोडून, कारण ती तू लावली होतीस.

तुझा चेहरा! मी इतकी हसले की मला ठकीच्या मडगार्डवर बसावं लागलं. आधी तू लाल झालीस, मग तूही सुटलीस. तेल तुझ्या कपाळावरून नाकावर ओघळत होतं आणि तू मला "अगं बस नं, बस नं" म्हणत माझ्याच खांद्यावर डोकं घुसळत होतीस. मग एकदम डॉक्टर झालीस. घरात गेलीस, रक्तवाहिनी दाबून धरायचा तो कात्रीसारखा चिमटा आणलास आणि नळीच्या मुळाशी कट्ट करून लावलास. नळीच बंद, हवा बंद. ठकी खणखणीत. "वायपर नाही चालणार," मी म्हणाले. "जयपूरला पाऊस कधी पडतो बावा?" तू म्हणालीस.

आणि दुसऱ्या दिवशी मावठ आली. तीच ती, संक्रांतीच्या सुमाराची हिवाळी भुरभुर.

निघालो तेव्हा आभाळ नुसतं मळकट होतं. गच्च्यांवर पोरं पतंगांना कणी बांधत होती. दादा पुढे, कोट, मफलर, कानटोपी. मी मागे तीळगुळाचा डबा मांडीवर घेऊन. रेल्वेचं फाटक बंद होतं. तू थांबलीस. दादांनी घड्याळ काढलं नाही, पण कान टवकारले. मी मनात ठेका धरला. मालगाडी संपता संपेना. ठकी उभ्या उभ्या एक मात्रा चुकली नाही. फाटक उघडलं तेव्हा मीच श्वास सोडला.

मुरलीपुऱ्याची शेतं मागे पडली आणि काचेवर भुरभुर सुरू झाली. "वायपर लाव," दादा म्हणाले. तू आरशातून माझ्याकडे पाहिलंस. चिमटा काढायचा तर थांबायचं, आणि थांबायचं नाही अशी तर अट.

"दिसतंय मला, दादा."

"मला तर दिसत नाही!"

तू उजवा हात बाहेर काढून पदरानं काच पुसायला लागलीस. दादा ओरडले, "इंदे, हात आत घे! चाक धर दोन्ही हातांनी!" आणि त्यांनी स्वतःच गळ्यातला मफलर काढला, खिडकीतून अर्धे बाहेर झाले आणि लांबच लांब हातानं तुझ्या बाजूपर्यंत काच पुसायला लागले. गाडी एवढीशी म्हणून जमलं. "थांब तर खरी, उतरून नीट पुसतो." "थांबायचं नाही, दादा. तुम्हीच ठरवलं आहे." मग चौमूंपर्यंत सगळा रस्ता तुझे दादा वायपर होते.

पोचलो तर छपराखाली बायका दाटीवाटीनं बसलेल्या. दादा चिंब. एका म्हातारीनं तुला विचारलं, "यो कुण छै?" आणि तू ठणठणीत आवाजात सांगितलंस, "म्हारो क्लीनर छै." ट्रकवर असतो तसला! त्या बायका ओढण्या तोंडाला लावून हसल्या, आणि दादांना एवढी मारवाडी नक्की कळली, कारण तेही हसले. मग त्यांना कुणीतरी शेगडीपाशी बसवलं, आणि ते तिथून तुझं काम बघत राहिले. एक अगदी कोवळी बाळंतीण तुझा हात सोडतच नव्हती. दादा तिच्याकडे बराच वेळ बघत होते.

घरी आल्यावर वायपरला काय झालंय म्हणून त्यांनी आपणहून बॉनेट उघडलं आणि तो चिमटा लोंबताना पाहिला. "इंदे, हे काय गं?" तू सगळं सांगितलंस. नळी कुणी लावली तेही सांगितलंस. दादा म्हणाले, "गाडी तुझ्या नावावर करून टाकतो. मी मालक असलो तर मला पुन्हा काच पुसावी लागेल." तीळगूळ तेव्हा खाल्ला आपण. इतका गोड तीळगूळ मी त्यानंतर खाल्लेला नाही.

पुढे दिल्लीहून खरी नळी आली आणि ठकी बरी झाली, पण आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. मी म्हणायची, तेलानं फट बुजली म्हणून ती शांत झाली. तू म्हणायचीस, तेल कोमट होतं, उबेनं रबर सैल पडलं. "दोन थेंबांनी रबर पाघळतं होय?" "तुला रबरातलं काय समजतं?" लाल नळी तू गाडीच्या पुढच्या कप्प्यात जपून ठेवलीस. एखाद्या कडाक्याच्या सकाळी ती परत लावायची, थंड तेल घालायचं, आणि सोक्षमोक्ष लावायचा. दर भोगीला ठरायचं. दर भोगीला तू म्हणायचीस, यंदा तेवढी थंडी नाही, किंवा मी म्हणायची, भाकरी तव्यावर आहे. भांडण संपवायची घाई दोघींनाही नव्हती.

एक गोष्ट बोलायची राहिली, ती इथं बोलते. त्या वर्षापासून तू मला दर गुरुवारी बरोबर नेलंस. मला काय येत होतं? नावं पुकारणं, पोरं सांभाळणं, पाणी तापवणं. मग आमेरच्या रस्त्यावर मला गाडी शिकवलीस. मी चढावर तीनदा बंद पाडली तेव्हा खाली उतरून रस्त्यातच टाळ्या वाजवल्यास. जयपूर मला बदलीचं गाव होतं. तुझ्यामुळे ते माझं झालं. मला तू फार आवडायचीस, इंदू. समोर असताना मी तुझ्या "करून राहिली"वरच बोलत बसले.

तू गेल्यावर दादा आले होते तेव्हा त्यांनी ठकीची किल्ली माझ्या हातात दिली. "गुरुवार चालू ठेवा," एवढंच म्हणाले. तुझ्या जागी जोधपूरची एक नवी डॉक्टर आली आहे. चुणचुणीत आहे. तिला गाडी चालवता येत नाही, मला येते, तेव्हा जमलं.

आज भोगी, आणि नेमका गुरुवार. थंडी अशी की नळाचं पाणी हाताला चावत होतं. काल रात्री मी तिळाच्या तेलाची वाटी मुद्दाम उघड्या कट्ट्यावर ठेवली होती. पहाटे चांगली नळी काढली, तुझी लाल नळी लावली, चोक ओढला. ठकी सुरू झाली आणि अगदी पूर्वीसारखी थरथरायला लागली. मी कट्ट्यावरची वाटी उचलली. तू वाकून उभी असल्यासारखं वाटलं. मी बराच वेळ वाटी हातात धरून तशीच उभी राहिले. तेवढ्यात डॉक्टर मुलगी आली. "आंटीजी, गाडी काँप क्यों रही है? कुछ खराबी है?"

"नहीं बेटा, पुराना झगड़ा है," मी म्हणाले, आणि नळीच्या तोंडाशी थंडगार तेलाचे चार थेंब सोडले.

ठकी शांत झाली. लगेच. म्हणजे तेलच! मी जिंकले, इंदू! मी चक्क मोठ्यानं "बघ!" म्हणाले. आणि त्याच क्षणी तुझा आवाज आला, कंबरेवर हात ठेवून म्हणायचीस तसा, "वाटी कुठं धरून राहिली होती?"

मी खाली पाहिलं. वाटी माझ्या दोन्ही तळव्यांत होती. थरथर ऐकत उभी होते तेवढा सगळा वेळ. बोट बुडवून पाहिलं, तेल कोमट.

मी हसत सुटले, मग डोळे पुसले, मग परत हसले. ती मुलगी घाबरून बघत होती. तिला गाडीत बसवलं, आभाळ स्वच्छ आहे ना पाहिलं, नळीला तुझा चिमटा लावला आणि चौमूंचा रस्ता धरला. पुढच्या भोगीला वाटी सांडशीत धरीन. मग बघू काय म्हणतेस.